कोविड मृत्यूंचा आकडा कसा तपासावा

मुंबईतील कोविड मृत्यूंच्या आकड्यावरून वाद निघाला, की आधी तो आकडा मृत्यूच्या तारखेनुसार आहे की नोंद जाहीर झाल्याच्या, हे पाहावे. जून 2020 मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मृत्यू दडवल्याचा आरोप केला आणि त्याच सुमारास नोंदींचा ताळमेळ लावून मुंबईच्या यादीत 862 जुने मृत्यू एकदम मिळवले गेले. ती उडी साथीची नव्हे, कागदांची होती. मग नमुना 4, म्हणजे डॉक्टरांनी दिलेले मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, वाचावा: वरच्या ओळीत ‘श्वसनक्रिया बंद पडणे’ असले, तरी खालच्या ओळीत मूळ कारण म्हणून कोविड आहे का, हे महत्त्वाचे. सर्व कारणांच्या एकूण मृत्यूंची 2019 शी तुलनाही करावी. पक्षांच्या पत्रकांपेक्षा मला हीच कसोटी भरवशाची वाटते, अर्थात टाळेबंदीत उपचारांवाचून गेलेलेही तिच्यात मोजले जातात.