कंपनीचं नाव शोधताना: सीएसच्या (कंपनी सेक्रेटरीच्या) ट्रेनिंगला येणाऱ्यांसाठी

ट्रेनिंगला नवीन आलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी नाव शोधायला बसवते. काम सोपं वाटतं, म्हणून घाईत उरकलं जातं आणि अर्ज तिथेच अडकतो.

नागपुरातल्या इतवारीतले दोघे भाऊ मसाल्याच्या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड करायला आले होते. नाव घरी ठरलेलं, पाकिटाचं डिझाइनसुद्धा तयार. पण त्याच नावाची कंपनी दुसऱ्या राज्यात आधीच होती. थोरला म्हणाला, "मॅडम, मागे नागपूर लावून टाकू नं!" तसं चालत नाही. कंपनी इन्कॉर्पोरेशन नियम, 2014 मधला नियम 8 नीट वाचून ठेवा. गावाचं नाव जोडलं, एकवचनाचं अनेकवचन केलं, स्पेलिंग फिरवलं, मधे स्पेस किंवा आकडा घातला, शब्द मागेपुढे केले, तरी कायद्याच्या नजरेत नाव तेच राहतं. म्हणून एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. नाव मोठ्याने म्हणा आणि कानाला लागतील ती सगळी स्पेलिंगं टाकून बघा.

मग ट्रेडमार्क. ट्रेडमार्क मालाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या क्लासमध्ये नोंदतात, मसाले क्लास 30 मध्ये येतात. तिथे नोंदलेल्या मार्कांसोबत प्रलंबित अर्जही तपासा. हे टाळू नका. नाव मंजूर झालं तरी नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मालक कंपनीच्या नोंदणीपासून 3 वर्षांच्या आत, नाव बदलायला लावा म्हणून कंपनी कायदा, 2013 च्या कलम 16 खाली अर्ज करू शकतो, आणि तोवर छापलेली सगळी पाकिटं वाया जातात. त्या भावांनी शेवटी आजीचं नाव पुढे घेतलं, ते मोकळं निघालं.

बँक, इन्शुरन्स, स्टॉक एक्स्चेंज असे शब्द संबंधित नियामकाच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर नावाच्या शेवटी तसं लिहावंच लागतं, आणि तिचं नाव कंपन्यांच्या नावांशीही ताडून बघायचं.

स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मच्या पार्ट ए मध्ये 1000 रुपयांत दोन नावं देता येतात. दुसरं नावही मनापासून सुचवायला सांगा, लोक तिथे काहीबाही टाकतात. मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवलं जातं, म्हणून संचालकांची आणि भागधारकांची कागदपत्रं, डिजिटल सह्या आणि पत्त्याचा पुरावा आधीच गोळा करा.

नोंदणी झाली की ऑफिसबाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावायचा, असं त्याच कायद्याचं कलम 12 सांगतं. बोर्ड इंग्रजीत असेल तर तो मजकूर स्थानिक भाषेच्या लिपीतही हवा. नागपुरात म्हणजे देवनागरीत. पेंटरला ऑर्डर देण्याआधीच क्लायंटला हे सांगून ठेवा.