डिफरन्शियलसाठी योग्य बोल्ट कसा निवडावा

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, ईको किंवा जुनी इनोव्हा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रांची पेटी, उघडले, की एखाद-दुसरा बोल्ट हमखास खराब निघतो. कुणाचे डोके पान्याने गोल झालेले असते, कुणाचे आटे खाल्लेले असतात, तर एखादा काढतानाच तुटतो. अशा वेळी नमुना दुकानात नेऊन ‘असाच द्या’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि दुकानदारही आटे जुळवून बोल्ट हातात ठेवतो. परंतु आट्यांत बसणारा बोल्ट त्या जागेसाठी योग्य असेलच असे नाही, आणि हे भरलेल्या गाडीने वरंधा किंवा ताम्हिणी घाट चढताना कळणे कुणालाच परवडणारे नाही.

क्राउन व्हीलचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचे, बोल्ट नेमके काय करतात हे आधी समजून घेतले पाहिजे. हे बोल्ट क्राउन व्हील आणि त्याच्या मागचे कवच (केस) यांचे पृष्ठभाग एकमेकांवर इतक्या जोराने दाबून धरतात, की त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणामुळेच इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. दाब कमी पडला की हे पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकू लागतात, बोल्टांवर आडवा मार बसू लागतो आणि ते एकामागून एक सैल होतात किंवा तुटतात. तुटलेले डोके क्राउन आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे दातेरी चक्र) यांच्या दातांत सापडले, तर काही रुपयांच्या बोल्टापायी पूर्ण जोडी बदलावी लागते.

म्हणून बोल्ट कोणत्या जागेचा आहे, हा पहिला प्रश्न. क्राउन व्हीलचे आणि बेअरिंग कॅपचे (बेअरिंग जागी धरणाऱ्या टोपीचे) बोल्ट बाजारातून जुळवून आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कंपनीच्या पार्ट नंबरनेच घ्यावेत. गाडीचा सतरा अक्षरी-अंकी चॅसिस नंबर अधिकृत विक्रेत्याच्या पार्ट्स काउंटरवर दिला, की त्या गाडीच्या ॲक्सलची आकृती संगणकावर निघते आणि तिच्यात प्रत्येक बोल्टाचा क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून घ्यावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत ॲक्सल वेगळे असू शकते आणि केवळ ‘स्कॉर्पिओचा बोल्ट’ एवढे सांगणे पुरत नाही. क्राउन व्हीलचा एक बोल्ट गेला असेल तरी पूर्ण संच नवा घ्यावा. बाकीच्यांनीही तेवढाच ताण सोसलेला असतो.

मागचे झाकण, हाउसिंगवरचे नट-स्टड आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजचे, म्हणजे जोडतबकडीचे, बोल्ट मात्र बाजारातून घेता येतात, पण मोजमाप चोख हवे. त्यासाठी व्हर्निअर (जाडी-लांबी मोजणारे) आणि पिच गेज (लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, तपासणारे) ही दोन साधने पुरेशी आहेत. एम १० म्हणजे नावाने १० मिलिमीटरच्या बोल्टाची जाडी व्हर्निअरवर १० मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, साधारण ९.८ ते ९.९ भरते, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. पान्याच्या मापावरून जाडी ठरवणे मात्र चुकीचे आहे, कारण एम १० च्याच बोल्टाला जपानी धाटणीच्या गाड्यांत बहुधा १४ चा पाना लागतो, तर इतरत्र १६ किंवा १७ चा लागतो.

खरी फसगत पिचमध्ये होते. एम १० बोल्ट १.५ मिलिमीटर पिचचा मिळतो, तसाच १.२५ चा आणि १ चाही मिळतो. चुकीच्या पिचचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला, तर बोल्टाबरोबर हाउसिंगचे आटेही जातात. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये तर इंची आटे असतात. ५/१६ इंची बारीक आट्यांचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असून त्यात इंचाला २४ आटे, म्हणजे सुमारे १.०६ चे पिच असते, त्यामुळे तो एम ८, १ पिचच्या बोल्टासारखाच दिसतो. पिच गेजचे पाते आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरावे. फट दिसली तर ते माप नव्हे.

लांबी डोक्याखालून टोकापर्यंत मोजावी आणि आटे नसलेला गुळगुळीत भाग वेगळा मोजावा. भोक आरपार नसेल, तर लांब बोल्ट तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात दाब पडतच नाही. आखूड बोल्ट पुरेशा आट्यांना पकडत नाही आणि ते ओरबाडून काढतो. मोजण्यासाठी सगळ्यांत धड बोल्ट निवडावा. दोन बोल्ट आट्यांत आटे घालून शेजारी धरले आणि एका टोकाला जुळलेले आटे दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत एकमेकांवर चढू लागले, तर त्यांतला एक ताणला गेलेला आहे.

आता डोक्याकडे पाहावे. तेलाचा काळा थर रॉकेल आणि तारेच्या ब्रशने काढला, की ८.८, १०.९ किंवा १२.९ असा ताकदीचा आकडा (ग्रेड) उमटलेला दिसतो. १०.९ मधल्या पहिल्या आकड्याचा अर्थ, तुटण्याची ताकद सुमारे १००० मेगापास्कल. पुढच्या ९ चा अर्थ, त्याच्या नव्वद टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. इंची बोल्टावर आकड्याऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. १०.९ च्या जागी ८.८ कधीही घालू नये. जास्त तो चांगला म्हणून १२.९ घेण्याचाही मोह टाळावा, कारण इतक्या कठीण पोलादावर जस्ताचा मुलामा चढवताना हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही हे खरे, पण नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताकद ८.८ पेक्षाही कमी असते.

पुण्यात गाडीचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात आणि साधे नट-बोल्ट रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात. परंतु खात्रीचे हायटेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट हवे असतील, तर भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांना माल पुरवणाऱ्या विक्रेत्यांकडे जावे. तिथे जाडी, पिच, लांबी आणि ग्रेड हे चारही सांगितल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही, आणि तेच बरे आहे. डोक्यावर ग्रेडबरोबर बनवणाऱ्याची खूण नसेल, तर तो बोल्ट घेऊ नये. जुन्या बाजारातून पाने, जॅक अवश्य घ्यावेत, बोल्ट घेऊ नयेत; त्यांनी आधी किती ताण सोसला आहे हे पाहून कळत नाही.

बसवताना गाडी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. भोके तेलरहित करून बोल्ट आधी पूर्ण हाताने फिरवावा. काही अमेरिकी डिफरन्शियलमध्ये क्राउन व्हीलचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे काढतानाच तपासावे. मग त्या गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत द्यावा. मॅन्युअलने कोरडे आटे सांगितले असतील तर तेल लावू नये, कारण तेलाने घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. जिथे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) सांगितले आहे, तिथे ते नव्या, स्वच्छ आट्यांवरच लावावे आणि सुकल्यावर बोल्ट पुन्हा आवळू नये, नाहीतर पकड सुटते. फ्लँजच्या प्रत्येक नटावरून फ्लँजवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पहिल्या घाटाच्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी.