अमेरिकन परराष्ट्र धोरणाचा कोर्स घेताय? मग या चुका टाळा

पहिल्याच निबंधाला बी मायनस मिळाला. पुण्यातून राज्यशास्त्रात पहिला वर्ग घेऊन अमेरिकेत एमएला गेलेल्या माणसाला तो जिव्हारी लागला. विषय मीच निवडला होता, १९७१ चं बांगलादेश युद्ध. राष्ट्राध्यक्ष निक्सन, त्यांचे तेव्हाचे सुरक्षा सल्लागार किसिंजर, बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकेचं सातवं आरमार, लहानपणापासून घरात ऐकलेलं सगळं सात पानांत ओतलं होतं. प्राध्यापिकाबाईंनी समासात तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता, "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

पुढे मी त्याच कोर्सला टीचिंग असिस्टंट झालो आणि दुसऱ्यांचे निबंध तपासायला लागलो. तेव्हा कळलं की गुण जातात ते फिरून फिरून त्याच जागी. काही चुका खास आपल्याकडच्या मुलांच्या, काही अमेरिकन मुलांच्याही.

"अमेरिकेने ठरवलं"

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. हे दोन शब्द दिसले की माझं पेन आपोआप वर यायचं. अमेरिका काही ठरवत नाही. ठरवतात ती माणसं, आणि त्यांची आपसांत भांडणं असतात.

माझं १९७१ च घ्या. ६ एप्रिलला ढाक्यातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातून वॉशिंग्टनला एक तार गेली. पूर्व पाकिस्तानात लष्कर कत्तली करतंय आणि आपलं सरकार त्यावर मूग गिळून बसलंय, असं सांगणाऱ्या त्या तारेवर २० अमेरिकन अधिकाऱ्यांची नावं होती. महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी स्वतःचा पाठिंबा जोडून ती पाठवली, आणि त्यांना लवकरच ढाका सोडावं लागलं. त्याच सुमारास निक्सन यांच्यापुढे पाकिस्तानबाबतचे पर्याय ठेवले गेले. त्या कागदावर त्यांनी हाताने लिहिलं, याह्यांवर (पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान) सध्या दबाव आणू नका. त्यातल्या 'नका'खाली तीन रेघा आहेत. कारण जुलैत उलगडलं. किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याचं निमित्त करून दिसेनासे झाले आणि गुपचूप पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन आले. चीनकडे जाणारी वाट याह्याखानांच्या अंगणातून जात होती.

म्हणजे घरात ऐकलेलं खोटं नव्हतं. पण माझ्या निबंधात ढाक्यातले ते २० जण नव्हते, याह्यांचं पेकिंगशी असलेलं सूत नव्हतं, होती नुसती एक दुष्ट अमेरिका. उपाय साधा आहे. निबंध झाला की फाइंड मारून 'अमेरिका' शोधा आणि जिथे ती काही करताना दिसेल तिथे माणसाचं किंवा खात्याचं नाव घालून पाहा. नाव घालता येत नसेल, तर ते वाक्य तुम्हाला माहीत नाही, ते ऐकीव आहे.

जाता जाता एक, सेक्रेटरी म्हणजे सचिव नव्हे. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. 'परराष्ट्र सचिव किसिंजर' मी स्वतः तपासलेल्या निबंधांत वाचलेत.

सगळं तेलासाठी?

आपल्याकडच्या मुलांचं हे आवडतं उत्तर. अमेरिकन मुलांचं आवडतं उत्तर 'सगळं लोकशाहीसाठी', तेही तितकंच कच्चं. १९५३ चं इराण घेऊन पाहा. १९५१ मध्ये इराणने तेल ताब्यात घेतलं, पण ती कंपनी ब्रिटिश होती. इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांना हटवायची घाई लंडनला होती आणि ट्रुमन सरकार त्याला तयार होत नव्हतं. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले, त्यांच्या लोकांना इराण कम्युनिस्टांच्या हाती जाण्याची धास्ती जास्त होती, आणि ऑगस्टमध्ये सीआयए व ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून उठाव घडवला. मग तेलाचा संबंध नाहीच? आहे की. १९५४ च्या करारात अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. पण जे नंतर पदरात पडलं तेच आधीचं कारण होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. माझ्या मते या कोर्समधला सगळ्यात कठीण धडा हाच, आणि बरीच मुलं शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथेच अडखळतात.

डॉक्ट्रिन म्हणजे कायदा नव्हे

डॉक्ट्रिन म्हणजे जाहीर केलेलं धोरणतत्त्व. युरोपने अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये असं बजावणारा मन्रो डॉक्ट्रिन हा १८२३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशाचा भाग आहे. कायदा नाही, तह नाही. तो अमलात आणण्याजोगं आरमारही तेव्हा अमेरिकेकडे नव्हतं, ते ब्रिटिशांकडे होतं. तसंच तह आणि करार यांची गल्लत करू नका. तहाला सेनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. इराणबरोबरचा २०१५ चा अणुकरार तह म्हणून सेनेटपुढे गेलाच नव्हता, त्यामुळे २०१८ मध्ये ट्रम्प सेनेटला न विचारता त्यातून बाहेर पडू शकले.

कागदाचा माथा न वाचणं

अमेरिकन परराष्ट्र खातं १८६१ पासून आपल्या कागदपत्रांचे खंड छापतंय. वर्गात सगळे त्यांना 'फ्रस' (फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स) म्हणतात. इंटरनेटवर फुकट आहेत, आणि तरी मुलं कुठल्यातरी सारांशावरून निबंध लिहितात. जे खंड उघडतात ते थेट मजकुरात उडी मारतात. तसं करू नका. आधी माथा वाचा. कोणी लिहिलं, कोणाला, किती वाजता, किती गुप्त.

मॉस्कोतले अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन यांची सोव्हिएत धोरणावरची प्रसिद्ध लांबलचक तार उघडा. वर लिहिलंय, मॉस्को, २२ फेब्रुवारी १९४६, रात्री ९. त्याखाली, मिळाली त्याच दिवशी दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी. पाठवण्याआधीच मिळाली? मी छपाईची चूक समजून पुढे गेलो होतो. पहिली वेळ मॉस्कोची, दुसरी वॉशिंग्टनची. संकटाच्या दिवसांत कोणाला काय कधी कळलं हे लावताना हा फरक विसरलात, तर अख्खा घटनाक्रम उलटा होतो. आणखी गंमत म्हणजे केनन स्वतः ही तार ८ हजार शब्दांची होती असं लिहून गेले. मोजली तर ती ५ हजारांच्या थोडी वर भरते. आठवणी आणि कागद यांत बेबनाव झाला तर कागद धरा.

प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार

बोर्डाच्या परीक्षेने लावलेली ही सवय सुटता सुटत नाही. मार्शल योजनेवर विचारलं की आपण दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करणार, दोन्ही बाजू मांडणार आणि 'अशा प्रकारे' म्हणून थांबणार. तिथे पहिल्या परिच्छेदातच तुमचा दावा हवा असतो, आणि तो असा की समोरचा म्हणू शकेल, छे, मला नाही पटत. 'मार्शल योजनेने युरोपला मदत झाली' हा दावा नव्हे. 'काँग्रेसने १३ अब्ज डॉलरच्या आसपासची ती रक्कम गरिबीपेक्षा कम्युनिस्टांच्या भीतीने मंजूर केली' यावर वाद घालता येतो. पॉलिसी मेमोचं, म्हणजे काय करावं हे सुचवणाऱ्या टिपणाचं, तर याहून कडक. शिफारस पहिल्या ओळीत, कारणं खाली.

वर्गात गप्प बसू नका, बोलण्याला गुण असतात. एवढंच पुरे.

पुढचं माहीत असल्यासारखं वागणं

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रं नेणारी क्षेपणास्त्रं ठेवल्याने १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या संकटाची नाट्यचर्चा बहुतेक ठिकाणी घेतात. कोणी राष्ट्राध्यक्ष केनेडी, कोणी संरक्षणमंत्री मॅकनमारा, कोणी हवाई दलप्रमुख. आमच्या खेपेला संकट ४० मिनिटांत मिटलं, कारण तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं हलवून तोड निघते हे सगळ्यांनी वाचलेलं होतं. १६ ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी टेबलाभोवती बसलेल्यांना ही तोड ठाऊक नव्हती.

असिस्टंट झाल्यावर मी बाईंना विचारून नियम बदलला. त्या मंगळवारी जेवढं माहीत होतं तेवढेच कागद टेबलावर ठेवायचे, बाकी विसरायचं. हवाई दलप्रमुख झालेली मुलगी टेक्ससची होती आणि तिने असं काही लावून धरलं की वर्गाने ९ विरुद्ध ५ मतांनी बॉम्बहल्ला ठरवला. खुद्द केनेडींचाही पहिल्या दिवशी कल तिकडेच होता. मग मी दुसरी फाइल उघडली. बेटावर सोव्हिएत सैनिक ४० हजारांच्या घरात होते, सीआयएच्या अंदाजाच्या कितीतरी पट. रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही तिथे पोहोचलेली होती, आणि अमेरिकनांना ते कळलं १९९२ मध्ये. त्या मुलीने आपल्या नावाची पाटी हळूच उलटी करून ठेवली.

आणि तारखा

किरकोळ वाटेल, पण ही चूक गुण खाते. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. वर्गातल्या टिपणांत १२/७/४१ लिहिलेलं असेल तर ते ७ डिसेंबर. निबंधात महिना अक्षरी लिहायची सवय लावून घ्या. मी पर्ल हार्बरवरचा हल्ला १२ जुलैला घडवला होता. बाईंनी तिथे प्रश्न विचारला नव्हता, नुसतं एक मोठ्ठं उद्गारचिन्ह काढलं होतं.