संस्थेचा डेटा क्लाउडवर न्यायचाय? आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्थांचा डेटा क्लाउडवर कधीच गेलेला असतो, फक्त तो संस्थेचा नसतो. लाभार्थ्यांची एक्सेल प्रकल्प समन्वयकाच्या स्वतःच्या जीमेलवर, शिबिरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सीएंनी पाठवलेला ऑडिट रिपोर्ट खजिनदारांच्या मेलमध्ये, आणि संस्थेच्या नावाने जे एक जीमेल काढलंय त्याचा पासवर्ड चौघांना माहीत पण ओटीपी जातो कधीच नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. मग फंडर यूसी, म्हणजे निधी वापरल्याचा दाखला, आणि फोटो मागतो आणि त्या मुलाला फोन लावा, तो मीटिंगमध्ये असतो.

त्यामुळे क्लाउडवर जायचं म्हणजे सर्व्हर भाड्याने घ्यायचा असं काही डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. दहा-वीस जणांच्या संस्थेला मेल, फाइल ठेवायला जागा, फॉर्म आणि व्हिडिओ कॉल एवढंच लागतं. कुणी हितचिंतक ‘अ‍ॅझुरवर टाकून देतो, एडब्ल्यूएसवर टाकून देतो’, म्हणजे असल्या भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि विचारा की तू गेल्यावर हे बघणार कोण. स्वतःचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तरच त्या वाटेला जा.

नॉनप्रॉफिटसाठी फुकटचे दोन मोठे पर्याय आहेत, गुगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट 365. माझं मत विचाराल तर ऑफिसमध्ये सगळे वर्ड-एक्सेलवर पक्के असतील आणि कॉम्प्युटरवर ऑफिस इन्स्टॉल असेल तरच मायक्रोसॉफ्ट, नाहीतर गुगल, कारण कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये ते आधीच असतं आणि शिकवायला वेळ कमी लागतो. मायक्रोसॉफ्ट आधी बिझनेस प्रीमियमची 10 लायसन्स फुकट द्यायचं, ते 2025 मध्ये बंद करायचं ठरवलं, आता फुकटात मिळतं ते बिझनेस बेसिक, 300 लोकांपर्यंत, ज्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये चालतं, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होत नाही. म्हणजे फुकट आहे ते कधीही बदलू शकतं हे धरूनच चाला. पुढचं मी गुगल धरून लिहितोय.

पहिलं काम कॉम्प्युटरवरचं नाहीच, कागदांचं आहे. नोंदणीचा दाखला, संस्थेचं पॅन, 12ए आणि 80जी हे आयकर सवलतीचे दाखले, असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीची परवानगी, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये घ्या. महाराष्ट्रात सोसायटी असली की 1860 च्या कायद्याचा एक दाखला आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचा दुसरा, तो एफ नंबरवाला, असे दोन असतात, दोन्ही घ्या. आणि आता शांतपणे बसून नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर तपासा. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द नावात असलेल्या संस्थांनी तर दोनदा तपासा, पॅनवर एक यू, संस्थांची नोंद असते त्या सरकारी दर्पण पोर्टलवर दोन यू, लेटरहेडवर तिसरंच काहीतरी, आणि अर्ज अडकतो तो इथेच. पॅनवर जसं आहे तसंच अर्जात टाका. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून अध्यक्षांच्या सही-शिक्क्याने जवळ ठेवा.

अर्ज गुगल फॉर नॉनप्रॉफिट्सच्या पानावरून करायचा, थेट वर्कस्पेसच्या विक्रीच्या पानावर जाऊन प्लॅन विकत घेऊ नका. तपासणी गुडस्टॅक नावाची बाहेरची कंपनी करते, त्यांचा मेल आला की उत्तर द्या, स्पॅमही बघत जा. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल आणि सरकारी यंत्रणांना हे मिळत नाही. संस्थेची शाळा असेल तर शाळेसाठी गुगलची एज्युकेशनची वेगळी योजना आहे, तिथे जा.

मंजुरीची वाट बघताना डोमेन, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे येणारं संस्थेचं नाव, घ्या. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात निष्काळजीपणे केला जातो, वेबसाइट बनवणारा पोरगा ‘मी घेतो सर, तुम्ही नंतर द्या पैसे’ म्हणतो आणि डोमेन त्याच्या नावावर जातं. साधं डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, संस्थेच्या खात्यातून पैसे भरा, बिल संस्थेच्या नावाने घ्या, जमलं तर तीन-पाच वर्षांचं एकदम भरा. आता एक गंमत. डोमेन विकणाऱ्याकडे खातं उघडताना जो ईमेल देता तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. कारण रिन्यू करायचं राहिलं की डोमेन बंद, डोमेन बंद म्हणजे मेल बंद, आणि ‘रिन्यू करा’ हा मेल त्याच बंद मेलवर येत राहतो. यासाठी एक वेगळं जीमेल ठेवा आणि त्याला मोबाइल नंबर संस्थेचा द्या, म्हणजे सिमकार्ड संस्थेचं, ऑफिसच्या फोनमधलं.

आणि हे सगळं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आणा. डोमेन कुठलं, अ‍ॅडमिन कोण दोघं, असा साधा ठराव करून घ्या. हसू येईल पण विश्वस्तांमध्ये दोन गट पडले, विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहिला, आणि मेलचा पासवर्ड एका गटाकडे, तेव्हा हा ठरावच दाखवायला उरतो.

मंजुरी आली की वर्कस्पेसमध्ये डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं. गुगल एक लांबलचक कोड देतं, तो डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेनचा मेल आणि वेबसाइट कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, म्हणून चिकटवायचा. कॉपी करताना पुढेमागे स्पेस येऊ देऊ नका, सेव्ह करा आणि थोडा वेळ थांबा, लगेच दिसलं नाही म्हणून चार वेळा टाकू नका. मग मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड बदलायचा, त्यानंतर मेल गुगलकडे यायला लागतो. जुना मेल होस्टिंगवाल्याकडे असेल तर तो आधी उतरवून घ्या आणि बदल शनिवारी संध्याकाळी करा. शेवटी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन रेकॉर्ड, मेल खरंच आपल्या डोमेनवरूनच आलाय हे त्यांवरून कळतं. बरेच जण इथे कंटाळतात आणि सोडून देतात, मग 80जीच्या पावत्या देणगीदारांच्या स्पॅममध्ये जातात आणि मार्चअखेरला फोन सुरू होतात. त्या अर्ध्या तासाचा कंटाळा करू नका.

खाती माणसाच्या नावाने काढा, पदाच्या नावाने नको. अकाउंट्स, देणगी, संपर्क हे पत्ते ग्रुप म्हणून बनवा, मग त्यावर आलेला मेल दोघा-तिघांना जातो आणि कुणाला पासवर्ड वाटायला लागत नाही. सुपर अ‍ॅडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेली खाती, दोन ठेवा, एक पगारी, एक विश्वस्त. दोघांनाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) सक्तीचं, आणि बॅकअप कोड प्रिंट करून कपाटात, प्रोसिडिंग रजिस्टरच्या शेजारी.

आता फाइली. कुणाच्याही ‘माय ड्राइव्ह’मध्ये संस्थेचं काही ठेवायचं नाही, शेअर्ड ड्राइव्ह बनवा, कारण तिथल्या फाइलची मालकी संस्थेची असते, माणूस गेला तरी फाइल जात नाही. हिशोब, प्रकल्प, कायदेशीर कागद, फोटो, एवढे चार-पाच ड्राइव्ह पुरतात. जागेची काळजी नको, वैयक्तिक जीमेलला 15 जीबी मिळतात, इथे अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी.

खरा घोळ जुन्या मराठी फाइलींचा. 2005 ते 15 मधले अहवाल श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात, ते ड्राइव्हवर टाकले की अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो, कारण फाइलमध्ये खरं मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा असतो आणि फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. असल्या फाइली जिथे फॉन्ट आहे त्या जुन्या कॉम्प्युटरवरच आधी पीडीएफ करून घ्या. ज्या परत वापरायच्यात, म्हणजे घटना, नियमावली, अर्जांचे नमुने, तेवढ्याच कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणारं खरं मराठी, करा आणि जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, तिथेच चुका होतात. सगळंच युनिकोड करायच्या नादी लागलात तर वर्ष जाईल.

हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर मात्र क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून चालवू नका. सिंक चालू असताना एंट्री पडली की डेटा बिघडू शकतो. टॅली कॉम्प्युटरवरच राहू दे, त्यातून रोज संध्याकाळी बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर चढवा.

धडगाव, भामरागड, धारणी अशा भागात काम असेल तर गुगल फॉर्मवर विसंबू नका, तो ऑफलाइन चालत नाही. सर्व्हेसाठी कोबो टूलबॉक्स वापरा, फॉर्म मराठीत बनतो, पाड्यावर रेंज नसताना भरता येतो आणि तालुक्याला आल्यावर एकदम पाठवता येतो. फोटोंचं पण सांगून ठेवा फील्डवरच्या ताईंना, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-जागेची माहिती उडते, आणि निधी देणाऱ्या कंपन्यांचे सीएसआरवाले नेमकं तेच मागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा थेट ड्राइव्हवर टाका.

शेअरिंगबद्दल जरा कडक व्हा. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय लाभार्थ्यांच्या यादीला कधीच नको. आधार नंबर, आजार, मुलांचे फोटो असलेली शीट एकदा ग्रुपवर फिरली की परत येत नाही. अ‍ॅडमिन कन्सोलमधून बाहेर शेअर करणं त्या ड्राइव्हपुरतं बंद करता येतं, ते करा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संस्थाही येतात, त्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती लागते आणि दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. आधारची झेरॉक्स ‘असू दे’ म्हणून साठवायची सवय आहे ना आपल्याला, ती इथे मोडा, गरज नसेल तर घेऊच नका.

क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. ट्रॅशमधली फाइल 30 दिवसांनी जाते, त्यानंतर अ‍ॅडमिनला अजून 25 दिवस मिळतात, मग संपलं. तिमाहीला एकदा महत्त्वाचे ड्राइव्ह हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क ऑफिसबाहेर कुठल्यातरी विश्वस्ताच्या घरी ठेवा.

कुणी नोकरी सोडली की शेवटच्या दिवशी खातं डिलीट नाही, सस्पेंड करा. त्याच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये काही राहिलं असेल तर अ‍ॅडमिनमधून दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करा, ग्रुपमधून नाव काढा, कोबोचा पासवर्ड बदला, मेल महिनाभर कोणाकडे जाईल ते ठरवा आणि हे सगळं झाल्यावरच डिलीट. चुकून आधी केलंच तर 20 दिवसांत परत आणता येतं, एकविसाव्या दिवशी गुगललाही नाही.