पिकअप घेताना गाडी आवाज करतेय? मिस्त्रीकडे जायच्या आधी एवढी तयारी करा

रेस दिली की गाडीतून आवाज येतो, एवढंच सांगून गाडी गॅरेजला सोडली तर मिस्त्री तरी काय करणार, साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत सपाटीवर एक चक्कर मारणार, तेवढ्यात आवाज येणार नाही, आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायचं आणि बिल आपण भरायचं. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे जास्त महत्त्वाचं, आणि ते गाडी रोज चालवणाऱ्यालाच कळतं.

आधी गाडी पूर्ण रिकामी करा. डिक्कीतला जॅक, पाने, सीटखालच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातली चिल्लर सगळं बाहेर, स्टेपनी घट्ट बसलीय का तेही हलवून बघा, कारण खडखड बऱ्याचदा इथूनच येते. टायरमधली हवा बघा. मग सपाट जागी गाडी लावून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून पट्टीवर ऑइल बघा. ऑइल कमी असलं तर आधी ते भरा, बाकीचं नंतर. आणि नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल आणि त्यानंतरच आवाज सुरू झाला असेल तर हे लिहून ठेवा, एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसली नाही किंवा खालचं कव्हर सैल राहिलं तरी रेस दिल्यावर आवाज येतो.

आता उभ्या गाडीत बघायचं. मोकळ्या हवेत, बंद शेडमध्ये नको, धुराचा गॅस जीवघेणा असतो. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि हळूहळू रेस द्या. आवाज आला तर तो इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरकडचा. चीं-चीं करत असेल आणि एसी लावल्यावर वाढत असेल तर बेल्ट किंवा तो ताणून धरणारा टेन्शनर बघायला सांगा. सकाळी थंड इंजिनला टक-टक जोरात आणि गरम झाल्यावर कमी, असं असलं तर एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून, म्हणजे जोडावरच्या पॅकिंगमधून, लीक असू शकतं. पत्रा वाजल्यासारखं होत असेल तर सायलेन्सरवरचं उष्णता अडवणारं कव्हर सैल असतं, ते स्वस्तात मिटतं. बॉनेट उघडं ठेवून ऐकताना ओढणी, मफलर, लांब बाह्या बेल्टपासून लांब, हात तर अजिबात घालू नका. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच शिरू नका.

उभ्या गाडीत काहीच आलं नाही तर मग रस्त्यावर. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोबत एक जण घ्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग त्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर साधारण ५०-६० च्या स्पीडला पाय उचलून बघा, आवाज लगेच थांबला आणि परत रेस दिल्यावर आला तर लोड पडल्यावरचा आवाज आहे, आणि पाय उचलूनही तसाच राहिला तर चाकाकडे बघायचं. मग तोच स्पीड ठेवून एक गिअर खाली घ्या, चाकं तेवढीच फिरतायत पण इंजिन जास्त फिरतंय, आवाज बदलला तर इंजिनकडचा, नाही बदलला तर टायर किंवा व्हील बेअरिंग. बेअरिंगची घूं-घूं स्पीडबरोबर वाढते, आणि डाव्या लांब वळणावर वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं. डांबरी रस्ता बदलला की आवाज बदलतो, असं असेल तर मात्र टायरच.

चढाचं वेगळं बघावं लागतं. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागलात की इंजिनवर खरा लोड येतो. पेट्रोल गाडी वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ओढताना टिक-टिक-टिक वाजत असेल तर एक गिअर खाली घ्या, थांबली तर ते नॉकिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल चुकीच्या पद्धतीने पेटणं, मग पेट्रोल, आत साठलेला कार्बन, स्पार्कचं टायमिंग, जास्त तापणं, हे सगळं तपासायचं. डिझेल गाडी जोरात शिट्टी मारते, काळा धूर टाकते आणि चढाला दम राहत नाही, अशी तक्रार असेल तर टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, पाइप कुठे फाटलाय का ते बघायला सांगा. रेस देताच धडकन एक दणका बसला तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार. पूर्ण स्टेअरिंग वळवून हळू रेस दिल्यावर कट-कट आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट, पुढच्या चाकाच्या आत त्या जॉइंटवरचं रबरी कव्हर (बूट) फाटून ग्रीस उडालंय का तेवढं टॉर्च मारून बघा, गाडी जमिनीवरच ठेवून. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, बोलेरोसारखी, तर मागे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस जॉइंट आणि मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांचा, आवाजही यादीत घ्या, विशेषतः रेस दिली की एक सूर आणि पाय सोडला की दुसरा.

काही वेळा मात्र गाडी तिथंच उभी करायची, टो करायची. ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिनच्या खालून जड ठक-ठक रेसबरोबर वाढतेय, किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी धक्के देतेय, तर गॅरेज पाच किलोमीटरवर असलं तरी चालवत न्यायचं नाही.

गॅरेजला गेल्यावर बेअरिंग बदला असं सांगू नका. गाडी थंड की गरम, कुठला गिअर, किती स्पीड, चढ की सपाट, एसी चालू की बंद, वळताना की सरळ, एवढं सांगा, रेकॉर्डिंग ऐकवा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्यावर न्या. खर्चाचा अंदाज आधी विचारा, काढलेला जुना पार्ट दाखवायला सांगा, आणि काम झालं की पैसे द्यायच्या आधी परत त्याच चढावर त्याच गिअरमध्ये एक ट्रायल घ्या.