नवी मुंबईच्या खाडीत शिडाची छोटी बोट: या चुका टाळा

सकाळी आठला नेरुळ-बेलापूरकडून बोट काढली तर पनवेल खाडीचं पाणी निजलेलं असतं. दुपारी तीनला त्याच जागी दोन-तीन फुटांच्या, एकीला एक चिकटून येणाऱ्या उभ्या लाटा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आदळतात आणि नवशिका म्हणतो, दर्या अचानक खवळला. अचानक काही झालेलं नसतं.

तिथी सोडून रविवार बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरी बसूनच होते. कोरड्या महिन्यांत जमीन तापली की पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुटतो. दुपारी दोन ते पाच त्याचा भर. त्याच वेळी ओहोटी असेल तर पाणी खाडीतून पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर धावत असतं. मग लाटांमधलं अंतर आखडतं, उंची वाढते, आणि उथळ भागात त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. यासाठी वादळी वारा लागत नाही, 12 नॉट (ताशी साधारण 22 किलोमीटर) पुरतो. तोच वारा भरतीबरोबर वाहत असेल तर पाणी कितीतरी सपाट.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अमावस्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, म्हणजे पुढची सगळी दुपार ओहोटी, आणि तीही उधाणाची, सगळ्यात जोराची. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त उतरतं. नवमीचं गणित करा: भरती पावणेसातला, ओहोटी एकच्या आसपास संपते आणि दुपारभर भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, संथ भरती चढत असते. शिकायला सप्तमी ते दशमी हेच दिवस घ्या. मात्र तिथीवरून फक्त दिवस ठरवायचा, नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच.

रीफ घ्यायला (शीड आखडायला) उशीर

वारा 10 वरून 15 नॉट झाला की शिडावरचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. बोट 20 अंशांपलीकडे कलून तशीच राहते, टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी ओढून धरावा लागतो, आणि मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) थोडी सोडली की बोट सरळ होऊन उलट जास्त पळते. यातलं एक जरी दिसलं तरी मेनसेल, म्हणजे मोठं शीड, आखडायची वेळ झाली. खरं तर थोडी टळलीच. नवशिक्याने पहिला रीफ धक्क्यावरच बांधून निघावं, वारा कमी वाटला तर सोडायला दोन मिनिटं लागतात.

क्रम असा. बोट वाऱ्याच्या जवळ आणा, जिब (पुढचं छोटं शीड) भरलेला ठेवा म्हणजे वेग राहील. मेनशीट आणि बूम (मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी) खाली ओढणारा व्हँग, दोन्ही सैल. बूम पडू नये म्हणून टॉपिंग लिफ्ट (बूमचं मागचं टोक वरून धरणारा दोर) ताणलेली हवी. हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) आधी केलेल्या खुणेपर्यंत सोडा, डोलकाठीकडचा रीफचा डोळा आकड्यात अडकवा, हॅलियार्ड पुन्हा कडक करा. मग मागच्या टोकाची रीफ लाइन शीड बूमला टेकेपर्यंत ओढा. शेवटी व्हँग आणि मेनशीट.

रीफ घेऊनही बोट तितकीच कलत असेल तर शिडाचं पोट बघा. मागची लाइन ढिली राहिली की शीड लहान होतं पण फुगतं, आणि फुगलेलं शीड जास्त कलवतं. मधल्या छोट्या डोळ्यांतल्या दोऱ्या कापड गुंडाळून ठेवण्यापुरत्याच, ढिल्या बांधायच्या. त्यांच्यावर ताण आला की शीड तिथेच फाटतं.

वाऱ्याच्या फार जवळ जाण्याचा हट्ट

सपाट पाण्यातली सवय इथे नडते. दोन्ही शिडं आवळून वाऱ्यात घुसलं की प्रत्येक लाट बोटीला थांबवते. वेग गेला की कील (बोटीच्या तळाचा पाण्यात उतरलेला उभा पंख) ही पकड सोडतो आणि बोट आडवी सरकत राहते. पाच-दहा अंश खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरा, जिबशीट (जिबचा दोर) दोन-तीन इंच सोडा. लाट चढताना किंचित वाऱ्याकडे, माथ्यावर पोचताच किंचित बाहेर. टिलर सतत हलत राहतो, पण थोडाच.

टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, बोट मध्येच अडकण्याचं कारणही हेच, वेग नसणं. दोन मोठ्या लाटा जाऊ द्या, मागून थोडं सपाट पाणी येतं, तिथे वळा. अडकलातच तर जिब उलट्या बाजूला ओढून धरा. बोट मागे सरकू लागली की टिलर ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला नाळ वळते, हे आठवलं तर गोंधळ होत नाही.

परतीच्या वाटेवर निर्धास्त होणं

घारापुरीकडून परतताना वारा मागून असतो, अंगाला कमी लागतो आणि सगळे सैलावतात. बूम डोक्यावरून झपकन फिरतो तो याच वाटेवर. लाट मागची बाजू ढकलते, वारा शिडाच्या पाठीत शिरतो. वारा थेट पाठीवर न घेता 30-40 अंश बाजूने घ्या. दिशा बदलायची तर जाइबऐवजी (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवण्याऐवजी) वाऱ्याकडून वळून टॅक घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे मेनसेल पूर्ण उतरवून फक्त जिबवर यायचं. वेळ जास्त लागतो, डोकी शाबूत राहतात. न्हावा-शेव्याला जाणाऱ्या जहाजांपुढून वाट काढू नका, ती तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत.

इंजिनवर भरवसा

आउटबोर्डचा (बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाचा) पंखा लाटेत पाण्याबाहेर येतो आणि भणभणतो. टाकीच्या तळाचा गाळ घुसळून फिल्टरमध्ये जातो, खाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या पंख्याला गुंडाळतात, वर मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट. म्हणून नांगर दोरासकट मोकळा ठेवा. दोर किती? आताची खोली 3 मीटर, पुढे चढणारं पाणी 3, नाळेची उंची 1, मिळून 7. त्याच्या पाचपट 35 मीटर, लाटा असतील तर सातपट, 49. पाण्याची चढ न धरता सोडलेला नांगर भरती आली की घसटत जातो.

ओहोटीत चिखलावर बसलात तर हाताशी मिनिटंच असतात. शिडं सोडा, सगळे एका बाजूला बसून बोट कलवा म्हणजे कील उचलला जाईल, आणि खोल पाण्याकडे वळा. निघाली नाही तर नांगर खोल बाजूला टाकून भरतीची वाट बघा. खाली उतरून ढकलू नका, इथल्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो. लाईफजॅकेट अंगावरच असू द्या. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16, फोनवर तटरक्षक दलाचा 1554.