निर्माता व्हायचंय? आधी तिकिटाचा हिशेब मांडा

चित्रपट निर्मितीत येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, पैसे आणायचे कुठून? आमच्या मते त्याआधी पैसे परत कसे येतात हे समजून घ्यायला हवं. एकच तिकीट घ्या. प्रेक्षकाने मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर २०० रुपये दिले. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, तो वजा जाता १६९ रुपये ४९ पैसे उरतात. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप २००९ मध्ये मिटला तेव्हा वाटणीचं एक सूत्र ठरलं : वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. मराठी चित्रपटाचा हिशेबही याच सूत्राने मांडून पाहा. पहिल्या आठवड्याचा वाटा झाला ८४ रुपये ७५ पैसे. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं, तर निर्मात्याच्या हाती ७२ रुपये पडतात.

आता चित्रपटाला २ कोटी आणि प्रसिद्धीला १ कोटी लागले असं समजा. निव्वळ थिएटरमधून ते वसूल करायला सव्वाचार लाखांच्या आसपास तिकिटं खपायला हवीत, आणि तीही सगळी पहिल्याच आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात त्याच तिकिटाचे ६१ रुपयेच येतात. शिवाय डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, म्हणजे व्हीपीएफ, वेगळं. प्रसिद्धीचा खर्च वितरकाने घातला असेल तर तो आधी आपले पैसे काढून घेतो, मग निर्मात्याचा नंबर. वसुलीचा हा क्रम करारात स्पष्ट लिहिलेला नसेल तर थिएटरं भरूनही निर्माता कोरडा राहतो. कथा कितीही आवडलेली असो, हे गणित कागदावर मांडल्याशिवाय कुणालाही साइनिंगची रक्कम देऊ नये.

ओटीटी आणि सॅटेलाइटचे, म्हणजे टीव्हीवर दाखवण्याच्या हक्कांचे, पैसे सही होईपर्यंत जमेच्या बाजूला लिहायचे नाहीत. राज्य शासनाच्या अनुदानाचंही तेच. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीच्या योजनेत ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असे आकडे बरीच वर्षं होते. सध्याचे आकडे ताज्या शासन निर्णयातच पाहा. पण ही रक्कम चित्रपट तयार होऊन परीक्षण झाल्यावर मिळते. तिच्या भरवशावर शूटिंग सुरू करणारे शेवटच्या शेड्यूलला अडकतात, आणि मग जो सावकार भेटतो त्याचं व्याज सगळा नफा खातं.

दुसरा पाया हक्कांचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची व्याख्याच अशी आहे, की कलाकृती घडवण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. चित्रपटाचा हक्क मुळात निर्मात्याकडे असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पण त्याखालचे हक्क, म्हणजे कथा, पटकथा, संवाद, गीतं, संगीत, प्रत्येकाकडून लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. घाईत केलेल्या दोन पानी करारात हमखास तीन गोष्टी राहतात. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर हक्क भारतापुरता राहतो. मग अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत खेळ लावायचा म्हटलं की पुन्हा लेखकाच्या दारात जावं लागतं. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास तो संपतो. कादंबरीवर चित्रपट करायला तीन-तीन वर्षं जातात, तेव्हा हे शेवटचं कलम सर्वांत जास्त नडतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लिहून घेता येत नाही, तसा मजकूर करारात घालूही नका. ते त्यांच्या कष्टाचे पैसे आहेत.

मग येतं शेड्यूल. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दिवसाला साडेतीन-चार पानं निघाली तर ११० पानांना २८ ते ३२ दिवस लागतात. प्रत्येक सीनचं ब्रेकडाउन, म्हणजे त्याला लागणाऱ्या माणसांची, सामानाची आणि जागेची यादी, करून लोकेशननुसार दिवस लावायचे, कथेच्या क्रमाने नाही. बजेटच्या शेवटी किमान १० टक्के आकस्मिक खर्च ठेवायचा. पाऊस, आजारपण आणि पॅच शूट, म्हणजे राहिलेल्या शॉट्सचं नंतरचं शूटिंग, त्यातूनच निघतात.

मराठी चित्रपटात लहान मुलं आणि बैल भरपूर असतात, आणि नवखी प्रॉडक्शन टीम नेमकी तिथेच अडखळते. १४ वर्षांखालच्या मुलाला काम द्यायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. म्हणजे बारा तासांच्या शिफ्टमध्ये मूल पाचच तास मिळतं. त्याचे क्लोजअप आधी उरकायचे, समोरच्या प्रौढ कलाकारांची उत्तरं नंतर घ्यायची. हा नियम जाचक वाटत असेल तर शेड्यूल चुकीचं आहे; मूल दमलं की तसाही शॉट लागत नाही.

बैलगाडी, शेळी, घोडा, रस्त्यावरचं कुत्रं, काहीही शॉटमध्ये घ्यायचं असेल तर शूटिंगच्या आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे, त्यामुळे कागद वेळेत पाठवा. जनावराच्या मालकाची संमती आणि पशुवैद्यकाचा दाखला रेकीच्याच वेळी, म्हणजे लोकेशन पाहायला जाल तेव्हाच, घेऊन ठेवा. गावात आयत्या वेळी मिळाली म्हणून बैलगाडी फ्रेममध्ये आणली, की तो शॉट सेन्सॉरला अडतो. मग कापा, नाहीतर व्हीएफएक्सने पुसा, दोन्ही महाग.

विडी-सिगारेटचंही असंच आहे. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी किमान ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश, सोबत २० सेकंदांची सूचना आणि दृश्याखाली ठळक इशारा येतो. पात्राला त्या विडीची खरंच गरज आहे का, हे दिग्दर्शकाला संहितेच्या टप्प्यावरच विचारा. एडिटला विचारून उपयोग नाही. प्रमाणपत्राचा प्रकारही तेव्हाच डोक्यात हवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, मिळालेला चित्रपट आहे तसा टीव्हीवर जात नाही, त्यामुळे सॅटेलाइटचा भाव पडतो. ट्रेलरला प्रमाणपत्र वेगळं लागतं, हे विसरून थिएटरमध्ये ट्रेलर लावायचे आठवडे हातचे जातात.

स्टुडिओतली नोकरी ही वेगळी वाट. तिथे कंटेंट, वितरण, मार्केटिंग आणि करार पाहणारा विभाग असे भाग असतात. सीए किंवा वकील झालेल्यांना करारांच्या बाजूने आत जायला सोपं जातं. साहित्याची जाण असलेल्यांनी कंटेंटमध्ये संहिता वाचण्याच्या कामापासून सुरुवात करावी. एका संहितेवर दोन पानी टिपण लिहायचं असतं : एका वाक्यात कथा, पाऊण पानात सार, मग ताकद, उणिवा आणि प्रेक्षक कोण. ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ हे मत तिथे चालत नाही. संहिता मंजुरीच्या बैठकीत जाते तेव्हा तिच्यासोबत धंदा कमी, मध्यम किंवा चांगला झाला तर काय, अशा तीन अंदाजांचा ताळेबंद जातो. कमी धंद्याच्या आकड्यातही कंपनी तगून राहत असेल, तर होकाराची शक्यता वाढते. या नोकरीत दहापैकी नऊ वेळा नकार द्यावा लागतो. तो वेळेवर आणि कारणासह द्या. लेखकाला सहा-सहा महिने लटकत ठेवणं हा या धंद्यातला वाईट रोग आहे.

शिक्षण हवंच असेल तर कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. नाहीतर सेटवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून लागा. पहिले महिने जेवणाची संख्या, कन्व्हेयन्स, जनरेटरचं डिझेल आणि व्हाउचर यांतच जातील. ते मन लावून करा. रोजच्या रोज व्हाउचरवर सही, टीडीएसची नोंद आणि रात्री दिवसाचा प्रॉडक्शन रिपोर्ट, एवढं नीट सांभाळणाऱ्याला लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणारा, पुढच्या चित्रपटालाही बोलावतो. वर्षाकाठी नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासोबत एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (२०२५ पासून ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो. पहिल्या वर्षी काही विकायला जाऊ नका. सहनिर्माते शोधण्यासाठीच्या को-प्रॉडक्शन मार्केटमधली सादरीकरणं ऐका, आणि प्रकल्पाचं बजेट व आतापर्यंत जमलेला पैसा एका पानात कसा मांडतात ते वहीत उतरवून आणा.